लिहा हव्या त्या वळणात, पाठवा एकाच रूपात

वांद्रे-कुर्ला संकुलातल्या सेबीने २० ऑगस्ट २०२४ रोजी सायबर सुरक्षेचा नवा आराखडा काढला. त्यात शेअर बाजार, डिपॉझिटऱ्या, म्युच्युअल फंड, दलाल अशा नियंत्रित संस्थांना एक काम लावून दिलं आहे: तुमच्या महत्त्वाच्या प्रणालींमध्ये सॉफ्टवेअरचे कोणकोणते सुटे भाग बसवले आहेत, त्याची यादी जवळ बाळगा. ‘सॉफ्टवेअर बिल ऑफ मटेरियल्स’ हे तिचं नाव. अशी यादी कोणी हाताने लिहीत बसत नाही. पुष्कळदा ती निघते बिल्ड टूलच्या कॉन्फिग फाइलमधून. प्रोग्रामरचा कोड आणि बाहेरून आणलेल्या लायब्रऱ्या एकत्र बांधून चालतं सॉफ्टवेअर तयार करतं ते बिल्ड टूल, आणि काय घ्यायचं, कुठून, कुठल्या आवृत्तीचं, हे त्याला सांगते ती कॉन्फिग फाइल. ती एकाच ठरलेल्या फॉरमॅटमध्ये असावी की ज्याला जो रुचेल त्यात, हा प्रोग्रामर मंडळींचा जुना वाद. माझ्या मते दुसऱ्या फॉरमॅटची मागणी रास्त आहे आणि टूलने ती मान्य करावी. पण ही मोकळीक लिहिणाऱ्याच्या टेबलापुरती; टेबलावरून बाहेर जाणारी फाइल सगळ्यांची एकाच रूपातली हवी.

मागणी का रास्त, ते आधी पाहू. जावाच्या दुनियेत सर्वाधिक रुळलेलं टूल म्हणजे अपाचे मावेन, आणि त्याची फाइल पॉम.एक्सएमएल, म्हणजे एक्सएमएल फॉरमॅटमधली. एक लायब्ररी आणायची तर सुरुवातीची खूण, गटाचं नाव, लायब्ररीचं नाव, आवृत्ती आणि शेवटची खूण अशा पाच ओळी लागतात, आणि मधल्या प्रत्येक ओळीत तोच शब्द उघडायचा, तोच पुन्हा बंद करायचा. दहा-बारा लायब्रऱ्या झाल्या की फाइल पान-दीड पानाची होते आणि त्यात कामाची माहिती चार आणे. ग्रेडल हे दुसरं बिल्ड टूल हेच एका ओळीत उरकतं. एक्सएमएलचा हा जाच मावेनच्याही आधीचा. २००० साली प्रसिद्ध झालेल्या अँट या टूलसाठी जेम्स डंकन डेव्हिडसन यांनी एक्सएमएल निवडलं आणि ती निवड चुकल्याचं पुढे त्यांनीच जाहीरपणे सांगितलं. मावेनच्या भोवतीही ‘पॉलीग्लॉट’ नावाचं एक्स्टेंशन उभं राहिलं. त्यामुळे तीच फाइल यामल, रुबी, ग्रूव्ही वा कोटलिनमध्ये लिहिता येते. तेव्हा ही मागणी काही आळशांचा हट्ट नव्हे. जी फाइल रोज माणसांनी वाचायची, ती माणसाला सहज वाचता येईल अशी असावी, इतकंच मागणी करणाऱ्यांचं म्हणणं आहे.

मात्र या मागणीचा खर्च उचलतो दुसराच कोणी. १९७३ मध्ये अंधेरीत सीप्झ हे निर्यात क्षेत्र सुरू झालं. आज तिथून मरोळ, पवई, मालाडच्या माइंडस्पेसपर्यंत पसरलेल्या सॉफ्टवेअर कंपन्यांत कोरा प्रोजेक्ट हाती घेण्याचं भाग्य फार थोड्यांच्या वाट्याला येतं. इथलं मोठं काम दुसऱ्याने कधीतरी लिहिलेली प्रणाली चालू ठेवण्याचं असतं. या महिन्यात एका बँकेचं, पुढच्या महिन्यात कुठल्याशा विमा कंपनीचं. नवा कोड लिहिणाऱ्याला मोकळीक हवी असते, जुना कोड सांभाळणाऱ्याला एकसारखेपणा. फॉरमॅटच्या चर्चा बहुतेक पहिल्या जातीची माणसं करतात आणि दुसरीला कोणी विचारत नाही, याची मला खरी चीड आहे. ग्रेडलमध्ये ग्रूव्ही होतंच, कोटलिन नंतर आलं आणि २०२३ पासून नव्या प्रोजेक्टसाठी तेच मूळ पर्याय ठरलं. कोटलिन चांगलंच आहे. पण समोर कोटलिनची फाइल उघडी असताना गुगलवर सापडलेला तोडगा ग्रूव्हीतला निघाला, की अवतरणचिन्हांपासून कंसांपर्यंत सगळं मनातल्या मनात बदलत बसावं लागतं. जावास्क्रिप्टमधला कोड तपासणाऱ्या ईएसलिंटने तर जेसन, यामल, जावास्क्रिप्ट असे सगळे फॉरमॅट चालवून घेतले, शिवाय प्रत्येक फोल्डरमध्ये वेगळी फाइल ठेवायची मुभा दिली. शेवटी नेमका कुठला नियम कुठून लागू झाला, हे शोधणं हेच काम होऊन बसलं. २०२४ च्या एप्रिलमधल्या नवव्या आवृत्तीत त्यांनी आवराआवर केली आणि जावास्क्रिप्टमधली नवी, सपाट कॉन्फिग हाच मूळ पर्याय केला.

शिवाय दिसायला सोपा फॉरमॅट वागायलाही सोपा असतोच असं नाही. यामलच्या जुन्या १.१ नियमांनुसार नॉर्वेचा ‘एनओ’ हा देशसंकेत अवतरणचिन्हांशिवाय लिहिला तर त्याचा अर्थ ‘खोटे’ असा लागतो. त्याहून त्रासदायक गोष्ट आवृत्तीच्या आकड्याची. पायथॉन ३.१० आलं तेव्हा पुष्कळांनी यामलमध्ये तो आकडा नुसताच लिहिला. यामलने त्याला दशांश अपूर्णांक समजून शेवटचं शून्य गाळलं आणि टूल ३.१ शोधू लागलं. चूक एका शून्याची, पण बिल्ड टूलच्या फाइलीत आवृत्त्यांचे आकडे जागोजागी असतात. पायथॉनच्या मंडळींनी २०१६ मध्ये बिल्डसाठी एक समाईक फाइल ठरवताना हे फॉरमॅट तोलून पाहिले होते. जेसन माणसाने हाताने लिहायला अवघड आणि त्यात टिपा लिहायची सोय नाही, म्हणून ते बाद. यामलची नियमावली छापली तर ८६ पानं भरते, म्हणून तेही बाद. टॉमल हा तिसरा फॉरमॅट निवडला आणि तेवढाच ठेवला.

यावर हमखास येणारा आक्षेप असा की फॉरमॅट शेवटी वरचा वेष, आत सगळं एकच. रूपांतर यंत्र करील, मग माणसाने का त्रास करून घ्यावा? रूपांतर यंत्र करतं हे खरं, पण अर्धवट. एका फॉरमॅटमधून दुसऱ्यात जाताना टिपा अनेकदा गळतात, आणि ‘ही आवृत्ती वाढवू नका, वाढवली तर अमुक मोडतं’ हे शहाणपण नेमकं त्या टिपांतच असतं. दुसरं असं की फाइल वाचणारं एकटं बिल्ड टूल नसतं. २०२१ च्या डिसेंबरमध्ये लॉगफोरजे या जावा लायब्ररीत भयंकर भोक सापडलं आणि जगभरच्या कंपन्यांसमोर पहिला प्रश्न उभा राहिला, तो म्हणजे ती आपल्याकडे कुठेकुठे आहे. त्यातही २.१५ ही सुधारित आवृत्ती पुरी पडली नाही, २.१६, २.१७ आणि वर्ष संपता संपता २.१७.१ अशी रांग लागली. म्हणजे तोच आकडा शेकडो फाइलींत पुन:पुन्हा बदलायचा. जिथे सगळे प्रोजेक्ट एकाच साच्यातले होते तिथे एक छोटी स्क्रिप्ट लिहून तो बदलता येत होता. जिथे एक फाइल एक्सएमएल, दुसरी रुबी, तिसरी कोणीतरी हौसेने लिहिलेली, तिथे आधी फाइलीच शोधायच्या. शोध घेणाऱ्या स्कॅनरला पॉम.एक्सएमएल ओळखता येते. पॉलीग्लॉटची यामल फाइल तो वाचेलच याची हमी कोणी देत नाही. आणि न वाचता तो ‘काही सापडलं नाही’ असं सांगून मोकळा होतो, हे तर फारच वाईट.

मग दुसरा फॉरमॅट नकोच, असं म्हणायचं का? तेवढं टोकाला जायचं कारण नाही. मावेनच्या चौथ्या आवृत्तीच्या आखणीत मला पटणारी वाट दिसते. तिथे बिल्डसाठीची फाइल आणि वापरणाऱ्यांसाठी प्रसिद्ध होणारी फाइल अशी फारकत केली आहे. पहिलीत नव्या सोयी येऊ शकतात, एक्स्टेंशन जोडून दुसरा फॉरमॅटही आणता येतो. दुसरी मात्र जुन्या, सर्वांना ठाऊक असलेल्या एक्सएमएलमध्येच बाहेर पडते. लिहिणाऱ्याची सोय झाली आणि सांभाळणाऱ्याचा, स्कॅनरचा, तपासनिसाचा आधार सुटला नाही. एवढ्यावर दोन अटी मी घालीन. एका प्रोजेक्टमध्ये एकच फॉरमॅट. शेजारी शेजारी दोन फाइली सापडल्या तर टूलने मुकाट्याने एक निवडू नये, तिथेच थांबून चूक दाखवावी. आणि चूक दाखवताना ओळीचा क्रमांक माणसाने लिहिलेल्या फाइलीतला द्यावा, रूपांतर होऊन बनलेल्या फाइलीतला नव्हे. दुसरी अट क्षुल्लक वाटेल, पण मध्यरात्री प्रॉडक्शन बंद पडलेलं असताना अस्तित्वातच नसलेल्या ओळीकडे बोट दाखवणारं टूल काय कामाचं?

एकच फॉरमॅट धरून बसलो तर नवं काही येणारच नाही, ही भीती मात्र मला फारशी खरी वाटत नाही. जावाचे लोक एक्सएमएलला कंटाळले तेव्हा ग्रेडलकडे गेलेच. टूल बदलायची वाट नेहमी उघडी असते. तोवर सेबीच्या आराखड्याखाली येणाऱ्या संस्थांना एक गोष्ट आजच करता येईल. अंधेरी-मालाडच्या कंपनीला काम देताना करारात एक कलम घालावं, की कॉन्फिग कशातही लिहा, पण प्रत्येक रिलीजबरोबर तिचं प्रमाण रूप आणि त्यातून निघालेली सुट्या भागांची यादी आमच्या ताब्यात द्या. यामागचं काम बिल्डमध्ये एकदा बसवलं की दर वेळी आपोआप होतं, त्यामुळे कलमाला फारसा विरोधही व्हायला नको.