मासिक स्फुटें : एक नांव, एक क्रमांक आणि नियमांची शिस्त

जुन्या काळीं शेर, पायली हीं मापें गांवोगांव निराळीं असत. एका गांवचा शेर दुसऱ्या गांवीं पुरा भरत नसे, आणि तंट्यास मात्र निमित्त होई. १९५६ सालीं वजनमापांचा कायदा होऊन दशमान पद्धति देशभर सुरू झाली व तो तंटा हळूहळू मिटला. परंतु रक्तलघवीच्या तपासणीच्या बाबतींत आपण पुष्कळ अंशीं अद्याप गांवोगांवच्या शेरावरच आहों, हें थोड्यांच्याच लक्षांत येतें.

समजा, एका घरचे चिरंजीव इंग्लंडांत आहेत. उपाशीपोटीं केलेल्या तपासणींत रक्तशर्करा सात आली, असें ते मातोश्रींस कळवितात. येथें नव्वद-शंभर हे आंकडे ऐकण्याची संवय; सात ऐकून माउलीस समाधानच वाटावयाचें. वस्तुतः तिकडे शर्करा मिलिमोलमध्यें मोजतात, आपल्याकडे मिलिग्रॅममध्यें. त्या सातांस अठरांनीं गुणिलें म्हणजे १२६ होतात. आणि उपाशीपोटीं १२६ म्हणजे मधुमेहाचा उंबरठा! आंकडा खरा, सांगणारा खरा, ऐकणारी शहाणी. तरी अर्थ उलटा झाला. आपल्याच शहरांत पाहिलें तर एक प्रयोगशाळा ‘फास्टिंग शुगर’ लिहिते, दुसरी ‘एफ्. बी. एस्.’ आणि तिसरी ‘ग्लुकोज, प्लाझ्मा’. डॉक्टर अनुभवानें तें जुळवून घेतात. संगणकास तें साधत नाहीं. मग जुने अहवाल नव्यांशीं जुळत नाहींत, आणि रोग्यास पुन्हा सुई व पुन्हा खर्च सोसावा लागतो.

या गोंधळावर अमेरिकेंतील इंडियानापोलिस येथील रीजेनस्ट्रीफ संस्थेनें १९९४ सालीं उपाय योजिला. डॉ. क्लेमेंट मॅक्डॉनल्ड यांच्या पुढाकारानें एक समिति जमली व तिनें प्रत्येक तपासणीस एक नांव आणि एक क्रमांक देण्याचें काम हातीं घेतलें. या यादीस ‘लॉइंक’ म्हणतात. तींतील नांवाचीं अंगें सहा: कोणता पदार्थ मोजला; त्याचा कोणता गुण मोजला; एका क्षणीं मोजला कीं चोवीस तासांचा संचय घेतला; नमुना रक्तद्रवाचा कीं लघवीचा; उत्तर आंकड्यांत आहे कीं शब्दांत; आणि जरूर तेथें, पद्धति कोणती. रक्तद्रवांतील शर्करा वजनानें मोजली तर तिचा क्रमांक २३४५-७. लघवींतील शर्करेचा २३५०-७. दोहोंच्या शेवटीं असलेला सात हा पडताळ्याचा अंक होय. लिहितांना एखादा आंकडा चुकला तर हा अंक जुळत नाहीं व चूक उघडकीस येते.

येथवरची गोष्ट शास्त्राची झाली. आम्हांस अधिक महत्त्वाचे वाटतात ते या कार्याचे नियम. कारण यादी करणें सोपें. ती वर्षानुवर्षें विश्वासार्ह ठेवणें कठीण.

पहिला नियम असा कीं, एकदां दिलेला क्रमांक पुसून टाकावयाचा नाहीं, कीं दुसऱ्या अर्थानें वापरावयाचा नाहीं. तो निरुपयोगी ठरला तर त्यावर ‘वापरूं नये’ अशी खूण करितात, पण तो यादींत राहतो. वीस वर्षांपूर्वींचा अहवाल आजही वाचतां यावा, हा त्यांतील हेतु. दुसरा नियम: नव्या तपासणीसाठीं क्रमांक कोणीही मागावा; मात्र नमुना, एकक इत्यादि तपशील बरोबर द्यावा. तिसरा: समितीच्या सभा उघड्या असाव्या आणि सुधारलेली यादी वर्षांतून दोनदां प्रसिद्ध व्हावी. चौथा: यादी जगांतील कोणासही विनामूल्य मिळावी, परंतु तिच्या आधारें दुसरी प्रतिस्पर्धी यादी कोणीं उभारूं नये.

हा शेवटचा नियम कित्येकांस मक्तेदारीचा वाटेल. आमच्या मतें तो आक्षेप पोकळ नाहीं. पण ज्या रोगासाठीं औषध काढलें तोच रोग दहा याद्या झाल्यानें परत यावयाचा, हेंही तितकेंच खरें. म्हणून बंधन योग्य. मात्र ज्यानें इतरांवर बंधन घातलें, त्यानें आपलीं दारें उघडीं ठेविलींच पाहिजेत. हे दोन नियम एकमेकांचे जामीन आहेत. एक ढिला पडला तर दुसरा जुलूम होईल.

येथें एक भेद ध्यानांत ठेवावा. समान क्रमांक म्हणजे समान मोजणी नव्हे. तीन महिन्यांच्या सरासरी शर्करेची जी तपासणी करितात, तिचे आंकडे प्रयोगशाळेगणिक फार भिन्न येत. ते १९९३ सालीं प्रसिद्ध झालेल्या मोठ्या मधुमेह-प्रयोगाच्या आंकड्यांशीं जुळावे म्हणून अमेरिकेंत १९९६ पासून निराळा उद्योग करावा लागला. नांव एक होणें ही पहिली पायरी. माप एक होणें ही दुसरी.

आपल्या सरकारनें आरोग्यनोंदींविषयीं २०१३ सालीं मानकें प्रसिद्ध केलीं व २०१६ सालीं तीं सुधारलीं. त्यांत तपासण्यांसाठीं लॉइंकचीच शिफारस आहे. या मानकांचें राष्ट्रीय साहाय्यकेंद्र पुण्यास सी-डॅक संस्थेंत आहे, ही महाराष्ट्रास भूषणावह गोष्ट होय. परंतु शिफारस म्हणजे अंमल नव्हे. अहवालावर छापील शीर्षकें शोभिवंत असून एककच सांपडूं नये, हा प्रकार अजून विरळ नाहीं.

तोंवर आमच्या भगिनींस व गृहस्थांस एवढेंच सुचवितों: वहींत नुसता आंकडा टिपूं नये, मूळ अहवाल जपावा. तपासणीचें नांव, नमुना, एकक, तारीख आणि उपाशीपोटीं होतें कीं जेवणानंतर, हीं पांचही त्यावर आहेत ना, हें प्रयोगशाळेच्या दारांतच पाहून घ्यावें. नसल्यास संकोच न करतां विचारावें. आणि जे कोणी संस्था चालवितात, त्यांनीं अध्यक्ष कोण व चिटणीस कोण यावर सभा रंगविण्यापूर्वीं जुन्या नोंदी कोणासही पुसतां येणार नाहींत अशी तरतूद आपल्या घटनेंत आहे काय, हें एकदां तपासावें. संस्थेचें आयुष्य बहुधा त्या एका कलमावर अवलंबून असतें.