भरीत सुरतेला पोचलं, अहिराणीचं काय?

राष्ट्रीय महामार्ग ५३ सुरतेकडून धुळे, पारोळा करत एरंडोलला येतो आणि पुढे जळगावकडे निघून जातो. एरंडोल-पारोळ्याच्या कितीतरी घरांना मात्र तो उलट्या दिशेने ठाऊक आहे. कापडाच्या मार्केटात, यंत्रमागावर काम मिळतं म्हणून खानदेशातली माणसं पिढ्यान् पिढ्या सुरतेला जात राहिली. उधना, लिंबायत, डिंडोली या भागांत आजही रस्त्यावर खानदेशची अहिराणी बोली कानावर पडते. दुसरी वाट पुण्याची, पिंपरी-चिंचवडची. थंडी पडली की दोन्ही वाटांवरच्या गाड्यांत सीटखाली एखादी पिशवी भरताच्या वांग्यांची असते.

ही वांगी म्हणजे बाजारातली कुठलीही नव्हेत. जळगावच्या भरताच्या वांग्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. फळ मोठं, रंगाने हिरवट-पांढरं, बी कमी. ते भाजायचं कपाशीच्या वाळलेल्या पऱ्हाट्यांच्या जाळावर, सोलून लाकडी बडगीत ठेचायचं, मग हिरवी मिरची, लसूण, शेंगदाणे, कांद्याची पात. सोबत कळण्याची भाकरी. म्हणजे ज्वारीत उडीद घालून दळलेल्या पिठाची. पिंपरी-चिंचवडमधल्या वाकडच्या सातव्या मजल्यावर पऱ्हाट्या कुठून येणार? तिथे गॅसची शेगडी आणि बडगीच्या जागी स्टीलचं पातेलं. धुराचा वास जातो, पण पोरं बोटं चाटून खातात. आई वाढता वाढता सांगते, ‘‘हे आपलं खानदेशी भरीत बरं का.’’ सांगते मात्र शाळेतल्या मराठीत.

इथेच सगळी गोम आहे. खानदेशी आईबापांनी मुलांना ताटातलं सगळं दिलं. शेवभाजी दिली, खापरावरचे मांडे दिले, आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, सांजोऱ्या दिल्या. बोली तेवढी दिली नाही.

सण घ्या. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी खानदेशची देवी कानबाई बसते. नोकरीसाठी पांगलेले भाऊबंद त्या दिवशी मूळ घरी जमतात. नैवेद्याच्या रोटांसाठी धान्य काढताना घरातल्या एकेका पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ घ्यायची, असा अनेक घरांचा रिवाज आहे. (मुलींच्या नावाची मूठ का नाही, हे एखाद्या नातीने आता विचारायला हरकत नाही.) रात्र गाण्यांत जाते आणि सोमवारी सकाळी कानबाईचं विसर्जन होतं. गाणी अहिराणीत. म्हणणाऱ्या बायका पन्नाशी-साठीपुढच्या. शहरातून आलेली नातवंडं कडेला बसून मोबाइलवर शूटिंग करतात. आखाजीलाही तेच. माहेरवाशिणी येतात, निंबाला झोके बांधले जातात, घागर भरली जाते, शेतावरच्या सालगड्याचं, म्हणजे सालदाराचं, नवं साल ठरतं. पण झोक्यावरची गाणी ज्यांना येतात त्यांची संख्या दरवर्षी एक-दोनने घटते.

आकडेही हेच सांगतात. जनगणनेत ‘खानदेशी’ या नावाखाली अहिराणी आणि तिच्या जवळच्या बोली मोजल्या जातात. २००१ मध्ये ही मातृभाषा सांगणारे सुमारे २० लाख ७५ हजार होते, २०११ मध्ये सुमारे १८ लाख ६० हजार. माणसं वाढली, बोलणारे घटले. कवयित्री बहिणाबाई चौधरींचं नाव घेऊन हा विषय मिटवायचीही सवय आहे. बहिणाबाई थोरच, पण त्या जळगावजवळच्या असोद्याच्या, त्यांची बोली लेवा वळणाची. एरंडोल, पारोळा, अमळनेर, धुळ्याकडची अहिराणी हे वेगळं प्रकरण आहे.

अमेरिकेतल्या लुइझियानात काजन लोकांवर घरातली भाषा गमावण्याची हीच पाळी आली होती. १७५५ मध्ये इंग्रजांनी कॅनडाच्या किनाऱ्यावरून हाकललेल्या फ्रेंच शेतकऱ्यांचे हे वंशज. लुइझियाना राज्याच्या १९२१ च्या घटनेने तिथल्या शाळांत फक्त इंग्रजी ठेवली, फ्रेंच बोलणाऱ्या पोरांना शिक्षा होऊ लागल्या. ती पोरं मोठी झाली तेव्हा त्यांनी आपल्या मुलांशी फ्रेंच बोलणंच टाकलं. त्यांचा गंबो नावाचा दाट रस्सा जगभर गेला, घरातली भाषा मात्र आटली. १९६८ मध्ये तिथल्या राज्य सरकारला फ्रेंच वाचवण्यासाठी वेगळी परिषद नेमावी लागली.

आपल्याकडे असा कायदा कोणी केला नाही. आपलं काम हसण्याने झालं. पुण्याच्या कॉलेजात कुणी चुकून ‘शे’ म्हणाला की मागच्या बाकावरून खसखस पिकायची. ‘आहे’ला ‘शे’, मुलाला ‘आंडोर’, मुलीला ‘आंडेर’ म्हणणारी ही बोली अडाणीपणाची खूण ठरली, आणि ते हसू ज्यांनी सोसलं तेच आज बाप झाले आहेत. त्यांना नावं ठेवणं सोपं आहे. पण लग्नात अहिराणी गाण्यावर डीजेपुढे तासभर नाचणारा हाच बाप घरात मुलाशी अहिराणीत एक वाक्य बोलत नाही, हेही तितकंच खरं.

डॉ. रमेश सूर्यवंशींनी अहिराणीचा शब्दकोश केला, डॉ. सुधीर देवरे यांनी ‘ढोल’ हे अहिराणी नियतकालिक चालवलं. कपाटात पुरेसं आहे. कमी पडतं ते स्वयंपाकघरात. त्यासाठी ना अनुदान लागतं ना संमेलन. मुलाला भाकरी वाढताना अहिराणीत विचारलं तर त्याचं इंग्रजी बिघडत नाही. घरी एक, गल्लीत दुसरी, शाळेत तिसरी भाषा बोलणारी पोरं याच देशात ढिगाने आहेत.

रविवारी संध्याकाळी एरंडोलहून पुण्याला व्हिडिओ कॉल लागतो. आजी चष्मा सावरत मोबाइल अगदी नाकाशी धरते, पडद्यावर तिचं निम्मं कपाळच दिसतं. ‘‘काय रे भाऊ, जेवना का?’’

‘‘हो आजी, आत्ताच जेवलो,’’ नातू म्हणतो.

मागून त्याचा बाप ओरडतो, ‘‘माय, त्याच्याशी नीट मराठीत बोल ना, त्याला कळत नाही.’’