भिंगरीची शाळा

मागच्या जूनमध्ये आमचे हे पहिल्या पाळीहून परतले ते डब्याची पिशवी छातीशी धरून. चाकणला कंपनीच्या बसथांब्याजवळ, चहाच्या टपरीच्या ताडपत्रीखाली एक पिल्लू पावसात कुडकुडत होतं म्हणे. "दोन दिवस ठेवू, मग बघू," असं ह्यांचंच वाक्य. हे मुद्दाम लिहून ठेवते आहे, कारण गणपतीच्या सुमारास "हिला आता खेडकडे कुणाच्या तरी शेतावर देऊन टाकू" म्हणणारेही हेच!

नाव सासूबाईंनी ठेवलं, भिंगरी. एका जागी म्हणून बसायची नाही. चपला, पायपुसणी, वाळत घातलेल्या साडीचा काठ, सगळं तिच्या दातांखालून गेलं. एवढंही चाललं असतं. पण ह्यांची तिसरी पाळी सुरू झाली की खरी पंचाईत. माणूस रात्रभर मशीनपाशी उभा राहून सकाळी साडेसातला घरी येणार, दोन घास खाऊन पडणार, आणि नेमकी तेव्हाच बाईसाहेबांच्या भुंकण्याला धार चढणार. निगडीतलं आमचं घर भाड्याचं, दोन खोल्यांचं, पुढे जेमतेम अंगण. झोपेवाचून माणूस किती दिवस गप्प बसेल? एकदा कामावर मशीनपाशी डुलकी लागता लागता राहिली, हे त्यांनी मला चार दिवसांनी सांगितलं. तेव्हा माझ्याही पोटात गोळा आला. त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतंच. खेडच्या ओळखीच्या शेतकऱ्याशी बोलणंसुद्धा झालं होतं.

चिरंजीवांनी मात्र वेगळंच डोक्यात घेतलं होतं. मोबाईलवर त्याने कुत्र्यांची अडथळ्यांची शर्यत पाहिली, तिला 'अ‍ॅजिलिटी' म्हणतात. मालक नुसता बाजूने धावतो, हाताने इशारा करतो, तोंडाने सांगतो. कुत्र्याला किंवा अडथळ्याला हात लावायचा नाही. कुत्रं मोकळं, गळ्यात दोरी नाही. आडव्या दांड्यांवरून उड्या, बोगद्यातून पळणं, अरुंद फळीवरून चालणं, सी-सॉवरून उतरणं, ओळीने रोवलेल्या काठ्यांतून नागमोडी जाणं, आणि हे सगळं घड्याळ लावून. १९७८ साली लंडनच्या 'क्रफ्ट्स' ह्या मोठ्या श्वानप्रदर्शनात दोन कार्यक्रमांच्या मधला वेळ भरून काढायला म्हणून हा खेळ प्रथम दाखवला गेला. कल्पना घेतली होती घोड्यांच्या उड्यांच्या शर्यतीवरून. आज तो जगभर खेळला जातो.

झालं! दोन बादल्या, त्यांवर खराटा आडवा, आणि चार महिन्यांची भिंगरी उड्या मारते आहे. मीही कौतुकाने टाळ्या वाजवल्या, खोटं कशाला सांगू. तिसऱ्या दिवशी ती पुढचा पाय उचलून धरायला लागली.

डॉक्टरांनी पाय तपासला, नशिबाने नुसता मुरगळला होता. पण मला चांगलंच खडसावलं. पिल्लाच्या हाडांच्या टोकांशी वाढीची मऊ कूर्चा असते. मध्यम बांध्याच्या कुत्र्यात ती भरून यायला साधारण वर्ष लागतं, मोठ्या जातीत दीड वर्षसुद्धा. तोवर उंच उडी नाही, जिन्यावरून धावाधाव नाही, घोटीव फरशीवर चेंडूमागे घसरणं नाही, काठ्यांमधली नागमोडी तर मुळीच नाही. मी विचारलं, "मग एवढ्या अंगातल्या वाऱ्याचं करू काय?" तर म्हणाले, "पाया घाला. उड्या ती जन्मतःच शिकून आली आहे, थांबायला शिकवा."

मी अर्धवेळ शिक्षिका, पाचवीला मराठी शिकवते. पाटी-पेन्सिल धरता येत नसलेल्या मुलाला निबंध सांगावा, तसं आमचं चाललं होतं हे लगेच उमगलं.

पहिली गोष्ट झोपेची. पिल्लू दिवसातले १६ ते १८ तास झोपायला हवं. आमची भिंगरी दिवसभर पोरांच्या घोळक्यात. तिला झोप कुठली? रडवं मूल जसं झोपेला आलं की जास्तच थैमान घालतं, तसंच तिचं होत होतं. मी स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात, ओट्याखाली, जुन्या गोधडीची जागा करून दिली. ती तिथे गेली की कुणीही हाक मारायची नाही, हा नियम चिरंजीवांपासून सासूबाईंपर्यंत सगळ्यांना.

मग शाळा. दिवसातून ३ वेळा, प्रत्येक वेळी ३-४ मिनिटं, घड्याळाकडे बघून. जास्त नाही. पिल्लू कंटाळायच्या आधी आपण थांबायचं. बरोबर केलं त्याच क्षणी "हां!" म्हणायचं आणि लगेच खाऊ. "हां" उशिरा आलं तर पिल्लू भलतंच शिकतं. बसल्याबद्दल द्यायचं ते उठल्यावर दिलं, तर ते उठायलाच शिकणार. खाऊ हरभऱ्याच्या दाण्याएवढा: उकडलेल्या अंड्याचा, पनीरचा, गाजराचा तुकडा. तेवढं तिच्या जेवणातून कमी करायचं. कांदा, लसूण, द्राक्षं, बेदाणे आणि चॉकलेट कुत्र्याला विषारी, म्हणून शिळी भाजी, शिऱ्यातला बेदाणा कौतुकाने घालू नका. हे सासूबाईंना पटवायला मला शाळेपेक्षा जास्त कष्ट पडले!

शब्दांचाही घोळ होता. मी म्हणायची "बस", चिरंजीव "सिट", आणि सासूबाई "बैस गं माझे बाई, बैस की जरा". तिने ऐकायचं कुणाचं? शेवटी कागदावर शब्द लिहून फ्रिजवर चिकटवले: बस, थांब, सोड, चल.

'ये' हा शब्द त्यात नाही, त्याची गोष्ट वेगळी. एका रविवारी सिलिंडरवाल्याने फाटक उघडं टाकलं आणि भिंगरी बाहेर. मी "ये, ये" ओरडत मागे धावले. तिला वाटलं शिवाशिवीच! ती पुढे, मी मागे, आणि कोपऱ्यावरून टेम्पो आला. त्याने करकचून ब्रेक दाबला. ती घाबरून उभ्या रिक्षाखाली शिरली. शेजारच्या काकूंनी बिस्किट दाखवलं तेव्हा कुठे बाहेर आली. माझे पाय कितीतरी वेळ लटपटत होते. रात्री बसून हिशेब केला. त्या आठवड्यात मी तिला 'ये' म्हणून बोलावलं ते कशासाठी? आंघोळीसाठी, साखळीला बांधायला, तोंडातली चप्पल काढून घ्यायला. एकदाही सुखासाठी नाही. मग मी तरी आले असते का?

तो शब्द मी टाकूनच दिला. नवा शब्द घेतला, 'इकडे'. तो उच्चारला की दर वेळी काहीतरी चांगलंच मिळणार: खाऊ, नाहीतर चिंधीच्या दोरीची ओढाओढ. आंघोळीला मी स्वतः उठून तिच्याकडे जाते. आणि पिल्लू सुटलंच तर त्याच्यामागे धावू नये. हाक मारून उलट्या दिशेला पळावं, म्हणजे ते आपल्यामागे येतं. घराच्या आत रोज दोनदा हा खेळ खेळलो, मग अंगणात, मग लांब दोरी बांधून मैदानात.

पाटाचं काम मात्र माझं सगळ्यांत आवडतं. ह्या शर्यतीत एक टेबल असतं, त्यावर जाऊन कुत्र्याने क्षणभर स्वस्थ थांबायचं. आमच्याकडे टेबल कुठलं? सासूबाईंचा जुना जेवणाचा पाट होता. पहिल्या दिवशी नुसतं एक पाऊल पाटावर पडलं तरी "हां!" आणि खाऊ. मग चारी पाय. मग बसणं. मग मी एक पाऊल मागे, मग दोन. 'चल' म्हटल्याशिवाय उतरायचं नाही. दोन सेकंदांपासून दोन मिनिटांपर्यंत यायला आम्हाला पाच आठवडे लागले, मध्ये मागे घसरणंही झालं. घसरलं की रागवायचं नाही, आधीची सोपी पायरी पुन्हा घ्यायची. कुकरच्या शिट्टीला ती अजूनही उडी मारून पळते, ते राहिलंच आहे.

बाकीचं घरात सापडेल त्यातून. बांबूची शिडी जमिनीवर आडवी ठेवून पायऱ्यांमधून हळू चालवायचं. पिल्लाला आपल्याला मागचे पाय आहेत ह्याचा पत्ताच नसतो, तो ह्याने लागतो. फळीखाली टॉवेलची घडी ठेवली की फळी किंचित हलते, तीच पुढच्या सी-सॉची तयारी. दोन खुर्च्यांवर सतरंजी टाकली की बोगदा. एखाद्या वस्तूला डावीकडून आणि उजवीकडून वळसा घालायला शिकवायचा, त्यासाठी अंगणात होती तुळशीची कुंडी. सासूबाई आधी रागावल्या, मग बघत बसल्या आणि म्हणाल्या, "घालू दे प्रदक्षिणा, तेवढंच पुण्य!"

आपल्या पुण्यातलंच एक उदाहरण आहे. १९९३च्या मुंबई बॉम्बस्फोटांनंतर ३,००० किलोंहून अधिक आरडीएक्स हुडकून देणारा पोलिसांचा 'झंजीर' लॅब्रडॉर. तो शिकला होता शिवाजीनगरच्या सीआयडी श्वान प्रशिक्षण केंद्रात. स्फोटकं सापडल्यावर कुत्र्याने त्यांना शिवून चालत नाही, शांत राहावं लागतं. आमची भिंगरी गावठी, तिच्याकडून तसली अपेक्षा नाही. पण गावठी कुत्र्याला हे जमत नाही असं कुणी म्हणालं तर ऐकू नका. काटक, हलकं अंग आणि तल्लख कान ह्या बाबतीत ही कुत्री कुणाला हार जाणारी नाहीत.

एवढं जपा: लसीचे डोस पुरे होईपर्यंत पिल्लाला रस्त्यावर, दुसऱ्या कुत्र्यांत नेऊ नका. रेबीजची लस साधारण तीन महिन्यांची झाल्यावर, पुढे डॉक्टर सांगतील तशी. महापालिकेचा परवाना काढा. आणि उन्हाळ्यात फिरवण्याआधी आपला तळहात डांबरावर सात सेकंद टेकवून बघा. आपल्याला सोसवलं नाही तर तिलाही नाही.

दिवाळीच्या आधी खेडहून फोन आला, "कुत्री कधी नेऊ?" हे तिसऱ्या पाळीहून येऊन नुकतेच जेवायला बसले होते. भिंगरी पाटावर, डोळे त्यांच्या ताटावर, पण जागची हललेली नव्हती. मी आमटी वाढताना थांबले. हे फोनवर म्हणाले, "नाही जमायचं हो. तिची शाळा चालू आहे." आणि फोन ठेवून म्हणाले, "भात वाढ." मी वाढला. दोघंही त्याबद्दल आणखी काही बोललो नाही.

आता ती अकरा महिन्यांची होत आली. डॉक्टर एकदा सांधे बघतील, मग दांडी जमिनीवरून घोट्याएवढी वर घ्यायची परवानगी मिळेल. चिरंजीवांनी शेजारच्या प्लंबरकाकांकडून पाइपचे तुकडे आणून ठेवले आहेत, कारण सासूबाईंना त्यांचा खराटा परत हवा आहे.