पिसाचा ग्रिफिन आणि आमचं जुनं भाषण

आमच्या आपाचा मुलगा जहाजावर नोकरीला आहे. रत्नागिरीकडच्या आपल्या घरांत ही काही नवलाची गोष्ट नाही. नवल एवढंच, की या मे महिन्यात त्याने कंपनीच्या सवलतीत मामू-मामींना आणि आमच्या नववीतल्या मुलीला आठ दिवस समुद्रावर फिरवून आणलं. एका सकाळी जहाज इटलीच्या लिव्होर्नो बंदराला लागलं. तिथून पिसा वीस-पंचवीस किलोमीटर, फ्लॉरेन्स नव्वदच्या आसपास. बसच्या सहलीत मनोऱ्यापुढे फोटो काढायला वेळ मिळतो, बाकी काही बघून होत नाही. भाच्यालाही त्या दिवशी सुट्टी मिळाली होती, म्हणून चौघांत एक गाडी दिवसभरासाठी ठरवली. भाड्याचे रुपये करू नका, असं त्याने बजावलं होतं. आम्ही केलेच.

गाडी निघाली तसं भाच्याने सुरू केलं, “मामू, इथे जे जे बघाल ना, ते सगळं आपल्याकडनंच आलंय. यांनी चोरलं आणि नाव स्वतःचं लावलं.” जहाजावर जेवताना कुणीतरी त्याला विचारलं होतं, तुमच्या लोकांनी जगाला काय दिलं? तेव्हापासून हे उत्तर त्याच्या जिभेवर तयार असतं. आम्ही खिडकीबाहेर बघत राहिलो. कारण ते उत्तर आमचंच होतं. तो शाळेत असताना वक्तृत्व स्पर्धेसाठी भाषण आम्ही लिहून दिलं होतं : युरोप अंधारात चाचपडत होता आणि आपल्या शहरांत दिवे लागले होते, वगैरे. टाळ्या पडल्या, बक्षीस मिळालं.

पिसाचा कलता मनोरा फोटोत दिसतो तसाच आहे, त्यावर फार लिहीत नाही. बांधकाम 1173 मध्ये सुरू झालं, तिसऱ्या मजल्यापर्यंत येता येता एका बाजूची मऊ जमीन खचू लागली. मग लढायांमुळे काम जवळपास शंभर वर्षं बंद पडलं आणि तेवढ्या काळात खालची माती दबून घट्ट झाली. सलग बांधला असता तर बहुधा कोसळला असता. आम्हाला बघायचा होता तो शेजारच्या संग्रहालयातला ग्रिफिन. धड सिंहाचं, चोच आणि पंख गरुडाचे, मीटरभराहून थोडा उंच, ब्राँझचा. बहुधा मुस्लिम स्पेनमधल्या कारागिरांनी अकराव्या शतकाच्या सुमारास ओतलेला. शेकडो वर्षं तो इथल्या कॅथेड्रलच्या छपरावर उभा होता. 1828 मध्ये खाली उतरवला, आता वर नक्कल आहे. अंगावर कूफी लिपीतला मजकूर कोरलेला. नुक्ते नाहीत, त्यामुळे आम्ही माहितीच्या फलकाची मदत घेत घेत वाचलं : मालकाला बरकत मिळो, नेमत मिळो, अशा दुआ आहेत. ज्यांच्या छपरावर तो उभा होता, त्यांना हे वाचता येत नव्हतं.

“बघा, लूटच की,” भाचा म्हणाला. हे खोटं नाही. पिसाच्या आरमाराने 1063 मध्ये मुस्लिम अमलाखालच्या पालेर्मोवर हल्ला केला, जहाजं पकडली आणि त्या पैशावर हे कॅथेड्रल उभं राहू लागलं. हे त्यांनी लपवलेलं नाही, चर्चच्या दर्शनी भिंतीवरच कोरून ठेवलंय. ग्रिफिनही अशाच कुठल्या लुटीतून आला असावा, असं बरेच अभ्यासक मानतात. पण त्याच शतकाच्या सुरुवातीला मुसलमान आरमाराने पिसा शहर लुटलं होतं, हेही आम्ही त्याला सांगितलं. “हे तुम्ही भाषणात नव्हतं घातलंत,” तो म्हणाला. नव्हतंच घातलं.

कॅथेड्रलच्या आवारातच जुनी दफनभूमी आहे, कांपोसांतो. तिथे लिओनार्दो ऑफ पिसाचा पुतळा आहे. गणिताच्या पुस्तकांत त्याला फिबोनाची म्हणतात. त्याचे वडील आजच्या अल्जीरियातल्या बिजाया बंदरात पिसाच्या व्यापाऱ्यांचं काम बघायचे. मुलाला त्यांनी तिथे बोलावून हिशेब शिकायला बसवलं. त्याने 1202 मध्ये ‘लिबेर आबाची’ हा ग्रंथ लिहिला. त्याच्या सुरुवातीलाच तो सांगतो, की हे नऊ आकडे हिंदी लोकांचे आहेत आणि सोबत एक शून्य आहे, ज्याला अरब ‘सिफ्र’ म्हणतात. लॅटिनमध्ये त्याने त्याचं ‘झेफिरुम’ केलं, त्यातूनच ‘झिरो’ झाला. आमची मुलगी पटकन म्हणाली, “अब्बा, म्हणजे त्याने नाव लिहिलंय की! चोरलं कुठे?” भाचा गप्प. आम्ही पुढे सांगितलं, की त्याच्या चारशे वर्षं आधी बगदादमध्ये अल्-ख्वारिज्मींनीही हा हिशेब हिंदी म्हणूनच मांडला होता, आणि अरब आजही आपल्या आकड्यांना हिंदी आकडेच म्हणतात. आमच्या भाषणात मात्र शून्य थेट बगदादहून निघालं होतं. वर्गात भारताचा धडा शिकवताना आम्ही तेच शून्य भारताचं म्हणून शिकवायचो. दोन्हीकडे टाळ्या घेतल्या!

कोपऱ्यावरच्या दुकानात चेचीना खाल्ली. बेसन, पाणी, मीठ आणि ऑलिव्हचं तेल, एवढंच घालून भट्टीत भाजलेली. हलालची काळजी नाही. मुलीची अम्मी म्हणाली, “हा तर आपला पोळाच, फक्त मिरची विसरलेत.”

फ्लॉरेन्सला पोचायला बारा वाजले. इथल्या सराफ-सावकारांच्या संघाने 1299 मध्ये हेच आकडे हिशेबाच्या वह्यांत वापरायला बंदी घातली होती. शून्याचा सहा किंवा नऊ करणं सोपं, म्हणून. पुढे हेच शहर युरोपचं मोठं सावकार झालं, अर्थात याच आकड्यांवर.

उफीझी संग्रहालयाचं तिकीट आधीच काढलं होतं. वाचकांपैकी कुणी जाणार असाल तर तसंच करा, आणि सोमवारी जाऊ नका. तिथे जेंतीले दा फाब्रियानोचं 1423 चं मोठं चित्र आहे. लहानग्या ईसा अलैहिस्सलाम यांच्या भेटीला पूर्वेकडून आलेल्या ज्ञानी पुरुषांचं. अशी चित्रं आपल्याकडे काढत नाहीत, तरी आम्ही थांबलो. कारण हजरत मरियम यांच्या डोक्यामागच्या सोनेरी वलयात अक्षरं होती. उजवीकडून डावीकडे जाणारी, उभे अलिफ-लाम, मध्ये मध्ये फुलं, इजिप्तच्या ममलूक पितळी थाळ्यांवर असतात तशी.

“अब्बा, काय लिहिलंय?”

वीस वर्षं उर्दू शिकवतोय. आम्ही पुढे झालो, मागे झालो, चष्मा पुसला. भाचाही जोडीला आला. त्याला वाटलं, सापडलं आता. पण तिथे काहीच लिहिलेलं नाही. अरबीसारखं दिसेल असं नुसतं रेखाटलंय. चित्रकाराला वाचता येत नव्हतं. पवित्र भूमीकडची लिपी, देखणी, मरियमना शोभेल, एवढंच त्याच्या मनात असावं. भाचा बराच वेळ उभा होता. मग म्हणाला, “मामू, याला चोरी म्हणायचं का काय म्हणायचं?” आम्हाला उत्तर सुचलं नाही. शिक्षकाला असं क्वचित होतं.

जगप्रसिद्ध घुमट बाहेरूनच पाहिला, रांग फार होती. पुढे शहराच्या पश्चिम टोकाला, कास्चीने बागेत, आम्हाला एक जागा बघायची होती. चालकाला ‘इंदियानो’ म्हटल्याबरोबर कळलं. तिथल्या पुलाचं नावच ते आहे. हा हिंदी माणूस कोण, हे मात्र त्याला माहीत नव्हतं. ते कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज. इंग्लंडहून परतताना नोव्हेंबर 1870 मध्ये फ्लॉरेन्समध्ये वारले. वय जेमतेम विशीचं. आर्नो आणि मुन्योने या नद्यांच्या संगमावर हिंदू रीतीने त्यांचं दहन झालं. चार वर्षांनी तिथे स्मारक झालं. छत्रीखाली अर्धपुतळा, डोक्याला फेटा.

नदीकाठच्या गवतावर आम्ही जुहर-असर एकत्र, कसर करून अदा केली. शाफई असल्याने प्रवासात ही सवलत आपल्याला आहे. सलाम फिरवून पाहिलं, तर भाचा छत्रीसमोर जाऊन उभा होता. त्याचंही वय चोवीस.

“घरी नेलं नाही त्यांना?”

“त्या काळी महिना लागायचा, बाळा.”

चालक घड्याळ दाखवत होता. सहाच्या आत जहाजावर पोचायचं होतं. गाडीत बसल्यावर भाच्याने आपाला फोन लावला. तिकडे ईशाची वेळ होत आली होती. आपा विचारत होती, काय काय पाहिलंस? तो म्हणाला, “अम्मी, एक कोल्हापूरचे राजे भेटले,” आणि मग तिने आज जेवायला काय केलंय, ते विचारू लागला.