‘ही’, ‘शी’ आणि ‘इट’

लहान मुलांस इंग्रजी शिकविणे हे मोठ्या पुण्याचे काम आहे, असे पालकसभांतून वारंवार सांगितले जाते. सांगणाऱ्यांनी एकदा पहिलीच्या वर्गासमोर उभे राहून ‘शी’ या शब्दाचा अर्थ समजावून द्यावा, एवढीच आमची विनंती आहे. जो हशा उसळतो तो ओसरेपर्यंत तास संपतो. ‘ही’ची गत याहून बिकट. मराठीत ‘ही’ म्हणजे मुलगी, इंग्रजीत नेमका मुलगा!

हा घोळ निस्तरला, तरी पंखा ‘ही’, पाटी ‘शी’ आणि पुस्तक तेवढे ‘इट’ अशी वाटणी मुले आपणहून करतात. त्यांस चूक म्हणणे आमच्या जिवावर येते. तो पंखा, ती पाटी, ते पुस्तक हे ती बोलावयास लागल्यापासून ऐकत आलेली असतात. आमच्या घरच्या कोकणीतही निर्जीव वस्तूंस तीन लिंगे आहेतच. आजोबांस ‘ही’ म्हणावयास तर एक चिरंजीव काही केल्या तयार होईनात. ‘आजोबा आला’ असे कोणी म्हणते का? त्यांनी ‘दे’ हा शब्द पसंत केला. गुरुजींस आणि कुत्र्यास इंग्रजीत एकच ‘यू’, हे ऐकल्यावर वर्ग आमच्याकडे जरा सहानुभूतीने पाहू लागला.

‘टेबल ऑन’ असे लिहिणाऱ्या मुलाचेही तेच. मराठीत टेबलावर, कोकणीत मेजाचेर, कानडीत मेजिन मेले. तिन्हींत आधी मेज, मग ‘वर’. इंग्रजीचा ‘ऑन’ तेवढा पुढे धावतो. तेव्हा तो मुलगा बेळगाव-निपाणीकडच्या तीन भाषांच्या बहुमताने बोलत असतो.

अशा मुलास वर्ग दोन-तीन वेळा हसला, की ते इंग्रजीच्या तासाला तोंड उघडीत नाही आणि ते मौन दहावीपर्यंत टिकते. मग घरचे म्हणतात, मराठी शाळेत इंग्रजी येत नाही; धाकट्याचे नाव इंग्रजी शाळेत घातले जाते आणि आमच्या वर्गात आणखी एक बाक रिकामा होतो. महाराष्ट्राने २००० साली पहिलीपासून इंग्रजी सुरू केले, कर्नाटकातही ते पुढे आले. परंतु इंग्रजी लवकर सुरू करणे निराळे आणि मुलाच्या जिभेवरील भाषेचा हात धरून ते शिकविणे निराळे. ‘इंग्रजीच्या तासाला केवळ इंग्रजी’ हा आग्रह आम्हांस पटत नाही.

आमचे मत कित्येकांस रुचणार नाही, तरी सांगतो. ‘ही, शी, इट’ शिकवावयास आमच्या मुलांपाशी सर्वांत चांगले साधन कानडी हे आहे. कानडीत पुरुष तो ‘अवनु’, स्त्री ती ‘अवळु’. पंखा, पाटी, पुस्तक, एवढेच काय, बैल आणि मांजर हे सारे ‘अदु’. इंग्रजीची वाटणी जवळजवळ अशीच. बाजारात नि शेजारच्या ओसरीवर ऐकलेली ही कानडी फळ्यावर मांडली, की पंखा एका तासात ‘इट’ होतो.

मराठी शाळेत, तेही इंग्रजीच्या तासाला, कानडी कशाला, असे आम्हांस विचारले गेले आहे. विचारणाऱ्यांचे दुःख आम्ही जाणतो. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हा मुलूख तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला, आणि २००४ साली महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दावा लावला. तो वाद वडीलधाऱ्यांनी अवश्य चालवावा. परंतु सात वर्षांच्या मुलास जे फुकट मिळाले आहे, ते त्याने फाटकाबाहेर ठेवून वर्गात का यावे? शिवाय इंग्रजी ‘टेबल ऑन’ला मुळीच जुमानत नाही, तेथे तिन्ही भाषांस मिळूनच लढावे लागते.

राहता राहिला ‘नाइफ’मधील मुका ‘के’. त्यापुढे तिन्ही भाषा थकल्या. म्हणावयाचा नाही तर लिहावयाचा कशाला, असे मुले विचारतात. पूर्वी इंग्रज तो उच्चारीत असत, असे आम्ही सांगितले. त्यावर मागच्या बाकावरून प्रश्न आला, ‘मग आता त्यांना कंटाळा आला काय हो, गुरुजी?’