मुसलमानाने बायबल का वाचावे?

मुसलमानाने बायबल वाचावे का, असे विचारले की आपल्याकडे दोन उत्तरे मिळतात. ‘कुरआन असताना गरज काय?’ हे एक. ‘वाचा, वादात उपयोगी पडेल’ हे दुसरे. मला दोन्ही पटत नाहीत. काही महिन्यांपासून फजरनंतर तिलावत झाली की मी मराठी बायबलमधील एखादे पान वाचतो. त्यातून मनात आले ते मांडतो.

वादासाठी वाचण्याची आपली परंपरा जुनी आहे. १८५४ मध्ये आग्र्याला मौलाना रहमतुल्लाह कैरानवी आणि पाद्री फांडर यांचा गाजलेला मुनाजरा झाला. पाद्री इस्लामवर जाहीर टीका करत होते, तेव्हा उत्तर देणे भाग होते. पण १८६२ मध्ये सर सय्यद अहमद खान यांनी गाजीपूरहून बायबलवरील ‘तब्यीनुल कलाम’ या भाष्याचा पहिला भाग काढला. दोन धर्मग्रंथांतले नाते समजून घ्यावे, हा त्यांचा प्रयत्न होता. आपण पहिली वाट लक्षात ठेवली, दुसरी विसरलो.

मत्तयच्या शुभवर्तमानात सहाव्या अध्यायात हजरत ईसा (अ.) सांगतात की दान असे द्या की उजव्या हाताने दिलेले डाव्या हाताला कळू नये. बुखारी शरीफमधली हदीस आपल्याला ठाऊक आहे. कयामतच्या दिवशी अल्लाहची सावली लाभणाऱ्या सात जणांत असेच गुप्त दान देणारा एक आहे. त्याच अध्यायात रोजाही लोकांना दाखवण्यासाठी ठेवू नका, असे बजावले आहे. रमजानमध्ये रेशनचे किट घेणाऱ्या विधवेचा फोटो स्टेटसला ठेवणाऱ्यांना हदीस पाठ असते. ओळखीची शिकवण दुसऱ्या ग्रंथात अचानक भेटली, की ती मला नव्याने टोचली.

सगळे एकच आहे, असे मात्र मी म्हणणार नाही. बीबी मरयम ही कुरआनात नावाने उल्लेखलेली एकमेव स्त्री. ईसांचा बिनबापाचा जन्म आपणही मानतो. पण ते अल्लाहचे पुत्र होते हे आपण मानत नाही, आणि त्यांना क्रुसावर मारले गेले हेही नाही. ख्रिस्ती माणसाची श्रद्धा तर क्रूस आणि पुनरुत्थान यांवरच उभी आहे. हा फरक मोठा आहे. तो झाकून केलेला सलोखा टिकत नाही. बायबल वाचल्यावर मला तो अधिक स्पष्ट दिसला आणि शेजाऱ्याला क्रूस इतका प्रिय का, हेही कळले.

‘ईमान डळमळेल’ ही भीती मी हसण्यावारी नेत नाही. रेव्हरंड नारायण वामन टिळक बायबल वाचून १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले. पण त्यांच्याच घरी नगरला राहिलेले आपल्या खानदेशातील धरणगावचे बालकवी हिंदूच राहिले. माणूस काय शोधतो, त्यावर बरेच अवलंबून असते. ज्याने आपला कुरआन समजून वाचला नाही, त्याने आधी तो वाचावा. त्यानंतर घाबरण्याचे कारण मला दिसत नाही.

शेवटचा मुद्दा न्यायाचा आहे. हिंदू मित्रांच्या हाती आपण कुरआनचा मराठी अनुवाद देतो, तेव्हा सांगतो: मधलीच एक आयत उचलू नका, संदर्भ पाहा, आम्हाला विचारा. ही अपेक्षा रास्त आहे. मग तीच सवलत बायबलला द्यायला नको का? मराठीत पंडिता रमाबाईंनी मूळ हिब्रू-ग्रीकवरून केलेले भाषांतर आहे, फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे ‘सुबोध बायबल’ आहे. भाषेची अडचण नाही. सूरह मरयम वाचून झाली की लूकचे पहिले दोन अध्याय वाचा. अडले तर एखाद्या ख्रिस्ती ओळखीच्याला विचारा, आणि त्याचे उत्तर पूर्ण ऐकून घ्या.