खोगीर पुजायचे की कसायचे?

दसऱ्याला आपल्याकडच्या जुन्या घरांतून शस्त्रांबरोबर खोगिरालाही हळदकुंकू वाहण्याची रीत आहे. माळ्यावरून खोगीर खाली येते, धूळ झटकली जाते, झेंडूची माळ पडते आणि सोने लुटून झाले की ते पुन्हा माळ्यावर जाते. घरातल्या मुलांना पणजोबांच्या घोड्याचे नाव पाठ असते. पण त्या खोगिरावर बसेल असा माणूस घरात बहुधा एकही नसतो. पुढे लग्नात नवरदेव घोड्यावर चढतो तेव्हा लगाम मोतद्दाराच्या हाती असतो आणि नवरदेवाने दोन्ही हातांनी खोगीर घट्ट धरलेले असते. ज्यांच्या पूर्वजांनी घोड्याच्या पाठीवर माळव्यात पाय रोवले, त्यांच्या वंशजांची ही स्थिती मला बरी वाटत नाही.

इतिहास वाचकांस नव्याने सांगायला नको. २९ नोव्हेंबर १७२८ रोजी आमझेऱ्याला चिमाजी आप्पांच्या फौजेने माळव्याचा मोगल सुभेदार गिरधरबहादूर याचा पाडाव केला. त्या मोहिमेत उदाजी पवार होते. धारची गादी पवारांची; देवासला तुकोजी आणि जिवाजी या पवार बंधूंच्या थोरल्या व धाकट्या अशा दोन पात्या झाल्या. ही सारी मंडळी राजे झाली ती नंतर. आधी ते स्वार होते. त्यांच्याबरोबर आलेल्यांत कोणी शिलेदार, कोणी बारगीर. शिलेदाराचा घोडा स्वतःचा, बारगिराचा सरकारी. पण मांड मात्र दोघांचीही स्वतःची असावी लागे. ती सरकारातून मिळत नसे आणि वडिलांकडून वारशानेही येत नसे.

आज मात्र 'घोडा आमच्या रक्तातच आहे' असे सांगणारे पुष्कळ भेटतात. हा अभिमान निरुपद्रवी असता तर मी काही बोललो नसतो. पण शिकण्याच्या आड तोच येतो. असा तरुण पहिल्याच दिवशी तेज घोडा मागतो, कोणी पाहत असेल तर टाच मारतो, आणि पडला की पुन्हा म्हणून मैदानाकडे फिरकत नाही. दुसऱ्या एखाद्याला भीती वाटते, पण 'मराठ्याचा पोर असून घाबरतोस?' या एका वाक्याने त्याचे तोंड बंद होते. भीती बोलून दाखवता आली नाही म्हणजे ती जात नाही; ती गुडघ्यांत आणि मुठींत जाऊन बसते, आणि घोड्याला ती तत्काळ कळते.

ही भीती कोणत्या जागी असते ते नीट पाहिले पाहिजे. साध्या चालीत घोड्याच्या चार टापा एकामागून एक, सारख्या अंतराने पडतात. दुडकीत समोरासमोरच्या तिरकस पायांची जोडी एकदम पडते, म्हणून टापा दोन. या दोन चाली नवशिक्याला थोड्या दिवसांत अंगवळणी पडतात. खरी परीक्षा पुढच्या चालीची. दुडकी आणि भरधाव यांच्या मधली ही बेताची दौड. इंग्रजीत तिला कँटर म्हणतात. कँटरबरीच्या यात्रेला जाणारे लोक ज्या चालीने घोडे नेत, तिच्यावरून हे नाव पडले. हिच्यात टापा तीन. आधी मागचा एक पाय पडतो. मग मागचा दुसरा आणि त्याच्या तिरकस समोरचा पुढचा असे दोन एकदम. शेवटी उरलेला पुढचा. त्यानंतर एक क्षण असा येतो, की चारही पाय अधांतरी असतात. आपल्या त्रितालात टाळ्या तीन आणि खाली एक. इथेही टापा तीन आणि खाली एक. फरक इतकाच, की ही खाली शेवटी येते.

नवशिक्याचा धीर सुटतो तो या खालीत. पायाखालची जमीन गेली असे वाटून तो पुढे वाकतो, गुडघे आवळतो आणि लगामाला लोंबकळतो. गुडघे आवळले की बैठक उचलली जाते आणि टाच वर येते. लगाम ओढला की घोड्याला थांबण्याचा इशारा जातो. टाच म्हणते चल, हात म्हणतो थांब. बिचारे जनावर गोंधळून मान झटकते, आणि स्वार म्हणतो घोडा वाईट आहे!

मी गाणे शिकवतो. चाळिशी उलटल्यावर, देवासबाहेरच्या एका माळावर, एका वयस्क आणि समजूतदार घोडीवर मी ही चाल शिकलो. तेव्हा जे लिहितो ते अधिकाराने नव्हे, अनुभवाने. आमच्या चाबूकस्वाराने पहिले कित्येक दिवस माझ्या हाती लगामच दिला नाही. घोडीला लांब दोर लावून तो मध्ये उभा राही आणि तिला काव्यावर फिरवी. माझे काम एवढेच, की कंबर सैल ठेवायची, नजर घोडीच्या कानांच्या पलीकडे ठेवायची आणि श्वास कोंडायचा नाही. श्वास कोंडू नये म्हणून मी टापा तोंडाने मोजू लागलो. वळणावर बाहेरचा पाय किंचित मागे, आतला तंगाजवळ, एवढ्या इशाऱ्यावर ती घोडी दौड घेई. चार-सहा झेपा झाल्या की पुन्हा दुडकी, मग पुन्हा साधी चाल. दुसऱ्या आठवड्यात त्या चार-सहाच्या दहा झाल्या. असे पुष्कळ दिवस गेल्यावर एका सकाळी लक्षात आले, की मैदानाचा पुरा फेरा झाला आणि खाली केव्हा येते व जाते याचा मला विसर पडला आहे.

यावरून माझे मत असे झाले, की धीर आधी येत नाही. आधी लय येते आणि धीर तिच्या मागून येतो. गाण्याच्या वर्गात हे रोज दिसते. घाबरलेला विद्यार्थी लय वाढवतो, आणि लय वाढली की आणखी घाबरतो. त्याला शूर हो असे सांगून भागत नाही. विलंबितात ठेका धरून बसवावा लागतो. देवासकरांस तर हे सांगायलाच नको. १९४८ साली कुमार गंधर्व क्षयाने खंगून देवासला आले आणि काही वर्षे त्यांचे गाणे थांबले. त्यानंतर उभे राहिलेले गाणे सगळ्या देशाने ऐकले. थांबण्याची आणि हळूहळू पुन्हा उभे राहण्याची लाज वाटू नये, हे याच गावाने पाहिले आहे.

कोणी विचारील, मोटारीच्या काळात हा उपद्व्याप कशाला? तंबोराही पोट भरत नाही, तरी आपण तो जुळवतोच. घोडा माणसाला जे शिकवतो ते मोटार शिकवीत नाही. आपल्या भीतीचा भार दुसऱ्या जिवावर पडतो, हे तो पाठीवरूनच समजावतो. आणि हा केवळ गतकाळाचा छंद आहे असेही नाही. २०२३ साली हांगचौच्या आशियाई स्पर्धेत भारताच्या चमूने ड्रेसाजचे सुवर्णपदक जिंकले. घोडेस्वारीतले भारताचे सुवर्ण १९८२ नंतर तेव्हाच आले. त्या चौघांत सुदीप्ती हजेला ही आपल्या शेजारच्या इंदूरची मुलगी होती. ड्रेसाज म्हणजे वेग नव्हे. घोडा आणि स्वार यांची चालीतली एकतानता. त्यातला एक प्रकार तर संगीताच्या साथीवरच होतो.

म्हणून धार-देवासच्या जुन्या घराण्यांना माझी विनंती आहे. ज्यांच्याकडे जागा आहे त्यांनी थोडे मैदान मोकळे करावे. दोन-तीन घरांनी मिळून एक शांत घोडी आणि एक जाणता चाबूकस्वार ठेवावा. मुलींनाही मुलांइतकेच बसवावे, आणि चाळिशी उलटलेल्यांना हसू नये. डोक्यावर हेल्मेट हवेच. पूर्वजांनी पागोट्यावर भागवले म्हणून आपण भागवू नये. माळ्यावरच्या खोगिराचे चामडे कुजले असेल तर ते पूजेपुरतेच राहू द्यावे आणि कसायला नवे आणावे. पणजोबांच्या पराक्रमाच्या गोष्टी मैदानावर सांगू नयेत. त्या घरी, रात्री जेवणानंतर सांगाव्यात. मैदानावर फक्त टापा मोजाव्यात, आणि पहिले वर्षभर कोणी भरधाव जाऊ नये.